पंपघराचा हिरवा दिवा

४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तू कशी आहेस, हे याच ओळीत विचारून घेतो, कारण पुढे लिहायला बरंच आहे.

गेटवरचा फोन दुरुस्त झालाय, पण पहारेकरी शेजारीच कान टवकारून बसलेला असतो. आपल्या घरातलं सगळं त्याच्यामार्फत वसाहतीला कळावं अशी माझी इच्छा नाही. म्हणून पत्र.

तुमच्या संस्थेने दिलेलं काचेच्या धाग्याचं जाळं आता कारखानाभर पसरलंय. वायूच्या टाक्यांवरचे मापक, पंपघर, गोदाम, वजनकाटा, हिशेब खात्यातले कॉम्प्युटर, सगळ्यांचे धागे मधल्या खोलीत एका काचेच्या जोडात येऊन मिळतात. त्या खोलीला आम्ही 'चौक' म्हणतो आणि चौकाचा राखणदार मी. तांब्याच्या तारा गेल्या, ठिणगीची भीती गेली. वायूच्या कारखान्यात याहून मोठं सुख नाही. मॅनेजरसाहेब तर जो पाहुणा येईल त्याला चौक दाखवायला आणतात आणि मला त्याच्यासमोर स्टुलावरून उठवतात.

मग तक्रार काय? ताई, घंटा वाजत नाही. जुन्या तारांच्या काळात वायूची घंटा दिवसाआड ठणाणा करायची. ओल लागली, वाजली. उंदराने तार कुरतडली, वाजली. लांडगा आला रे आला झाल्यामुळे लोक मान वळवेनासे झाले होते. नवं जाळं आलं तेव्हाही अधूनमधून वाजायची. पण जसजशी आणखी यंत्रं जोडत गेलो तसतशी ती गप्प होत गेली, आणि हल्ली तर अगदी चिडीचूप आहे. पंपघराच्या नावाचा हिरवा दिवा माझ्या नाकासमोर आहे. तो दिवसभर माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. पंपघर जमिनीखाली आहे आणि तिथले काटे वाचायला कोण असतं ते तुला ठाऊकच आहे. तुझी भावजय. तिला विचारलं, खाली सगळं बरं आहे ना, तर म्हणते, "दिवा हिरवा आहे ना? मग मला कशाला विचारता?"

सगळी यंत्रं एकाच धाग्यावर एकाच वेळी बोलतात तरी कालवा कसा होत नाही, हे मला एकदा माणसाच्या भाषेत सांग. मॅनेजरसाहेबांना समजावताना मला समजल्यासारखं वाटतं. खोलीत एकटा उरलो की समजत नाही.

तुझा,
घुम्या


१२ मार्च

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद.

घंटा वाजत नाही म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. लहानपणी अंधाराला भ्यायचास, आता दिव्याला भितोस. तुझं करायचं तरी काय?

माणसाच्या भाषेत ऐक. एका मोठ्या टेबलाभोवती पुष्कळ माणसं बसलीत आणि सगळी एकदमच बोटं वाजवतायत. प्रत्येकाचा ठेका वेगळा. तुझ्या कानाला एकच ठेका पाठ आहे. तू कान लावलास की तेवढाच ठेका तुला ओळखू येतो, बाकीची नुसती टकटक. जाळ्यातही तसंच आहे. प्रत्येक यंत्राला प्रकाशाच्या चमकांचा एक ठेका नेमून दिलाय. 'एक' सांगायचं असेल तर यंत्र ठेका वाजवतं, 'शून्य' सांगायचं असेल तर गप्प बसतं. कुठल्याही दोन ठेक्यांचा एखादाच ठोका एकमेकांवर पडावा, जास्त नाही, अशा बेताने ते सगळे बसवण्यात माझी चार वर्षं गेली. आम्ही याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतो. निरोप एका जागी न ठेवता पसरून टाकायचा, म्हणजे कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. रांग नाही, पाळी नाही, हवालदार नाही.

घंटा शांत आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे आणि बहीण हुशार आहे. दोन्ही गोष्टी मुकाट्याने मान्य कर. भावजयीला आशीर्वाद सांग. तिचं उत्तर मला फार आवडलं.

तुझी ताई


२० मार्च

ती. वन्सं,
नमस्कार. हे पत्र यांना न सांगता लिहितेय. उत्तर घरी पाठवू नका, कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या पत्त्यावर पाठवा. त्या माझ्या भरवशाच्या आहेत.

गेले काही आठवडे पंपघरात उतरलं की डोकं गरगरतं, मळमळतं, जीव कासावीस होतो. सुरुवातीला काहीतरी सडल्यासारखा वास आला होता, मग तोही येईनासा झाला. वर मोकळ्यावर आले की हळूहळू बरं वाटतं. म्हणून मी आता खाली बसतच नाही. मागे माल उतरवायच्या दाराबाहेर एक पिंप उलटं ठेवलंय, त्यावर बसते. काटे वाचायची वेळ झाली की दारात मोठा श्वास घेते, तो धरून जिना उतरते, आकडे बघते आणि वर येऊन सोडते. आता चांगली सवय झालीय. मुकादमाला वाटतं मी खाली आहे. यांनाही तसंच वाटतं.

यांना का सांगत नाही म्हणाल, तर हे तडक मॅनेजरांच्या अंगावर जातील. राहतं घर कारखान्याचं आहे, नोकरीबरोबर छप्परही जायचं. आणि दुसरं म्हणजे यांचं तोंड उतरेल. दिवा म्हणतो हवा चांगली, बायको म्हणते वाईट. यांनी कुणाचं खरं मानायचं? तो दिवा तुम्ही दिलेला. नणंदेची वस्तू नावं ठेवून परत केली असं व्हायला नको.

चेष्टा सोडा. वन्सं, मला खाली उतरताना भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला काही सुचलं तर कळवा. आणि यांना यातलं काही सांगणार नाही, असा शब्द द्या.

तुमची,
भावजय


२७ मार्च

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

अगं वेडे! डोकं गरगरतं, मळमळतं, वास आधी नकोसे होतात आणि मग त्यांचं काही विचारूच नको, आणि तू मला हवेचा दोष सांगतेस? पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. कॅलेंडर काढून जरा हिशेब कर, म्हणजे तुझ्या भीतीचं नाव तुला कळेल. तुझ्या भरवशाच्या नर्सबाईंनाच विचार.

मोकळ्यावर बसतेस हे उत्तम. तशीच बसत जा. श्वासबीस धरून जिने उतरणं मात्र सांभाळून, पाय घसरायला नको. पहिले तीन महिने कुणाला सांगू नये म्हणतात, नवऱ्यालासुद्धा सांगायचं नसेल तर नको सांगूस. तो लगेच भिंतींना सांगत सुटेल. मी शब्द देते. माझ्या तोंडून यातलं अक्षर त्याच्या कानावर जाणार नाही.

मी किती आनंदात आहे ते लिहिता येत नाही. आई असती तर आज तिने साखर वाटली असती.

तुझी वन्सं


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार. तू हसशील म्हणून हे पत्र दोन दिवस लिहिलं नाही.

पंपघराच्या झरोक्याखाली, बाहेरच्या बाजूला, चिमण्या मरून पडल्या होत्या. एखादी नव्हे, ओंजळभर. झाडूवाल्याने दाखवल्या. मी धावत चौकात आलो तर पंपघराचा दिवा हिरवागार. मापक नवा आहे, तपासलेला आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, कुणीतरी विष टाकलं असेल. असेलही. पण माझी पाचावर धारण बसलीय. तुला हसायचं तर हस.

दिव्याचा नियम तुला मी कधी सांगितलाय का आठवत नाही. आमच्याकडे जुन्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी घालून दिलेली रीत आहे: दिवा पेटलेला म्हणजे ठीक, विझला म्हणजे धोका. तार तुटली तरी दिवा विझणार आणि घंटा वाजणार, म्हणजे बिघाड झाकला जायचा नाही. रीत सोन्यासारखी आहे, म्हणून नव्या जाळ्यातही मी तीच ठेवली. हवा ठीक आहे तोवर मापक आपला ठेका वाजवत राहतो, वायू लागला की गप्प होतो. शिवाय जरा विझलं की लगेच बोंब नको म्हणून साहेबांनी घंटेचा धीर वाढवायला सांगितला. बराच वेळ सलग अंधार राहिला तरच ती वाजते. मधेच एखादी चमक आली तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.

यंत्रं आता तुमच्या संस्थेने सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट झाली असतील. रांग नाही, पाळी नाही म्हटल्यावर साहेब कशाला थांबतात? आता भांडारातला लहान तराजूसुद्धा जोडलाय.

तिला चिमण्यांबद्दल बोललो नाही. दिवसभर खाली एकटी असते, उगाच धसका घेईल.

घुम्या


१५ एप्रिल

चि. घुम्यास,
आशीर्वाद. मी हसले नाही.

"हवा ठीक आहे तोवर ठेका वाजवतो, वायू लागला की गप्प होतो." तुझी ही ओळ वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आता नीट वाच, आणि दोनदा वाच.

प्रकाशात प्रकाश मिसळतो. वजा होत नाही. उजेडाला उणे नसतं. टेबलावरचं उदाहरण मीच दिलं होतं, तेच पुढे ने. एक माणूस गप्प बसला, पण बाकीच्यांच्या बोटांपैकी याचं एक, त्याचं एक, असे ठोके नेमके त्याच्याच जागांवर पडले, तर त्याचाच ठेका वाजल्यासारखा ऐकू येईल. माणसं थोडी असली तर असं क्वचित घडतं. टेबल गच्च भरलं की वारंवार घडतं. उलट मात्र कधीच घडत नाही. जो वाजवतोय त्याचा आवाज इतरांमुळे नाहीसा होत नाही. म्हणजे माझं जाळं चुकतं ते एकाच बाजूला: शून्याचं एक होतं, एकाचं शून्य नाही.

हे मी कॉम्प्युटरांसाठी बसवलं होतं, घुम्या. त्यांना चुकीचं अक्षर आलं तर ते पुन्हा विचारतात. तुमच्या दिव्याला पुन्हा विचारणारं कुणी नाही. तुमच्या रीतीप्रमाणे गप्प म्हणजे धोका, आणि गप्प बसलेल्याच्या तोंडी माझं जाळं इतरांचे शब्द घालतंय. त्यात घंटेचा धीर वाढवलेला. तिला गप्प ठेवायला अधूनमधून चुकून आलेली एकच चमक पुरते. रीत वाईट नाही, जाळं वाईट नाही. दोन्ही एकत्र आणणं वाईट आहे, आणि ते तू मला सांगितलं नव्हतंस आणि मी तुला विचारलं नव्हतं.

आता काय करायचं ते. सगळी यंत्रं जोरात चालू असतील अशी वेळ धर आणि पंपघराच्या मापकाचा धागा चौकातून उपसून हातात घे. दिवा विझून घंटा वाजायला हवी. नाही वाजली, तर मापकाचा धागा परत लाव आणि बाकीच्या सगळ्यांचे उपसून काढ. त्या एकट्याला बोलू दे. मग जे दिसेल ते खरं.

साहेबांची परवानगी मागत बसू नकोस.

ताई


१५ एप्रिल

चि. सौ. भावजयीस,
आशीर्वाद. तुझं मागचं पत्र आज पुन्हा काढून वाचलं. मी मनातल्या मनात बारसं उरकलं आणि तू सांगत होतीस ते ऐकलंच नाही. तुला गरगरतंय ते वायूने. आधी वास येतो आणि मग येईनासा होतो, तो वायू गेला म्हणून नव्हे. त्याने नाक मारलेलं असतं.

तू बाहेर त्या पिंपावर बसतेस म्हणून मला निदान हे पत्र लिहिता येतंय. आता काट्यांसाठीही उतरू नकोस. आकडे अंदाजाने टाक, पाप माझ्या नावावर. दिव्याचं सगळं आजच त्याला वेगळं लिहिलंय, त्यात तुझा उल्लेख केलेला नाही. तू बाहेर असतेस हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही.

वन्सं


२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार. पत्र मिळालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी कारखाना अर्धा बंद होता, तेव्हा जीव मुठीत धरून मापकाचा धागा काढला. दिवा विझला! आणि थोड्या वेळाने घंटा अशी ठणाणली की मी स्टुलावरून पडलो. ताई, तो आवाज मला इतका गोड लागला की मी तो बंद करायलाच विसरलो.

मॅनेजरसाहेब धावत आले, आधी ओरडले, मग हसले. "तुमच्या ताईंना म्हणावं, कोरड्या जागी उभं राहून पोहायला शिकवणं सोपं असतं." मीही हसलो. घरी आलो आणि हसू जिरलं. कारण तू लिहिलं होतंस, सगळी यंत्रं जोरात चालू असताना. रविवारी निम्मं टेबल रिकामं होतं.

महिनाअखेरीला साठ्याची मोजणी असते. त्या दिवशी झाडून सगळी यंत्रं एकदम बोलतात. साहेबांनी बजावलंय, मोजणीच्या दिवशी चौकात कशाला हात लावला तर याद राखा. मी हात लावणार आहे. त्या दिवशी तिला रजा घ्यायला सांगितलं, तर म्हणाली, "मोजणीला रजा कोण देतं? मी खाली निवांत असते. तुम्ही तुमच्या दिव्याकडे बघा." चिमण्यांचं अजूनही सांगितलेलं नाही. एकदा वाटतं सांगावं, एकदा वाटतं चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

मला फार भीती वाटतेय. तुला सोडून कुणाला सांगू?

घुम्या


५ मे

चि. घुम्यास,
मोजणी होऊन गेली आणि तुझं पत्र नाही. टपाल उशिरा येतं हे मला कळतं. रोज दारात जाते आणि तेच स्वतःला सांगते.

आज गेटवर फोन लावला. एरवी तो पहारेकरी मला फोन ठेवू देत नाही, तुमच्या घरी काय शिजलं ते मला सांगतो. आज म्हणाला, "बाहेरच्यांना काही सांगायची परवानगी नाही." मी म्हटलं, अरे, मी त्याची बहीण. तो म्हणाला, "म्हणूनच, बाई," आणि त्यानेच फोन ठेवला.

दोघांपैकी कुणीही लिहा. एक ओळ लिहा. काय झालंय ते लिहा, काही झालं नसेल तर शिव्या लिहा.

ताई


९ मे

ती. ताईस,
सा. नमस्कार. अक्षर तिचं आहे, बोलतोय मी. माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि एका दमात फार बोलता येत नाही, त्यामुळे पत्र तुटक वाटेल.

मोजणीच्या दिवशी चौक नुसता घुमत होता. मी दार आतून लावलं आणि मापकाचा धागा उपसला. धागा माझ्या हातात, ताई, आणि दिवा समोर हिरवा. मधून मधून पापणी लवावी तसा लवायचा आणि पुन्हा हिरवा. मी वाट पाहिली. घंटा नाही. धाग्याचं टोक डोळ्यासमोर धरून मी मूर्खासारखा त्याच्याकडेच बघत राहिलो. मग तू सांगितलंस तसं केलं. मापकाचा धागा परत लावला आणि बाकी सगळे उपसले. हिशेब खात्यातून आरडाओरडा सुरू झाला. साहेब दारावर थापा मारायला लागले. आणि दिवा विझला. धागा लावलेला होता, मापक एकटा होता, आणि दिवा विझला. मग घंटा वाजली.

खाली वायू होता आणि खाली ती होती. मी मुखवटा घ्यायलाही थांबलो नाही. जिना उतरताना पहिल्या श्वासाला सडका वास आला, दुसऱ्याला नाही. तिला हाका मारल्या. ती नेहमी बसते त्या बाकावर नव्हती. वाटलं पडली असेल. पहिल्या पंपामागे पाहिलं, दुसऱ्यामागे पाहिलं. डोळ्यांत सुया टोचायला लागल्या तेव्हा परत फिरता आलं असतं. मी आणखी आत गेलो, कारण ती सापडली नव्हती. पुढचं आठवत नाही.

मला तिनेच ओढून वर आणलं म्हणतात. श्वास धरून खाली, वर येऊन श्वास घेऊन पुन्हा खाली, अशा दोन खेपा करून. लोक तिला शाबासकी देतायत. काल नर्सबाई म्हणाल्या, त्या बाहेरच्या पिंपावर बसायच्या म्हणून बरं, महिनाभर तिथेच तर बसायच्या. मी हिला विचारलं. हो म्हणाली. तुझी पत्रं नर्सबाईंच्या हाती यायची हेही मला कळलं.

ताई, तुला ठाऊक होतं का? प्रकाश वजा होत नाही, धागा असा काढ, तसा लाव, एवढं सगळं लिहिलंस. ती खाली नसते, ही एक ओळ राहिली की तुला ठाऊकच नव्हतं? नव्हतं असं लिही. मी विश्वास ठेवीन.

घुम्या

वन्सं, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं उतरवलंय, एक शब्द बदललेला नाही. यापुढचं माझं आहे, ते झोपलेत.

तुमचं दुसरं पत्र मला मोजणीच्या दिवशी सकाळी मिळालं. नर्सबाई सुट्टीवर होत्या. त्याच संध्याकाळी सगळं यांना सांगायचं ठरवलं होतं.

डॉक्टर म्हणतात डावा डोळा गेला. उजव्याचं पट्टी सोडल्यावरच कळेल. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, माझी जीभ रेटत नाही. तुमचं उत्तर त्यांना मीच वाचून दाखवणार आहे. तुम्ही 'नव्हतं ठाऊक' लिहिलंत तर तसंच वाचीन. 'होतं' लिहिलंत तरी 'नव्हतं' वाचायची माझी तयारी आहे. माझ्यावरचा त्यांचा विश्वास गेला तो गेला. तुमच्यावरचा तरी राहू द्या. त्यांना आता कुणीतरी एक हवंय.


१४ मे

घुम्या,
हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. इथे आल्यावर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिलंय आणि तुझ्या उशाशी बसून मीच तुला वाचून दाखवतेय. तुझी बायको शेजारी उभी असेल. तिला मी बाहेर जाऊ देणार नाही. तोंडाने सांगायला लागले असते तर मधेच सारवासारव केली असती, म्हणून लिहून आणलं.

मला ठाऊक होतं. मार्चपासून ठाऊक होतं. तिने मला शब्द मागितला आणि मी तो दिला, तोही भलत्याच गोष्टीच्या आनंदात. खरं कळलं तेव्हा शब्द मोडायला हवा होता. मी मोडला नाही, आणि त्याचं कारण शब्दाची चाड हे नव्हतं. ती बाहेर बसलीय एवढं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. ती सुरक्षित आहे हे मला ठाऊक आणि तुला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घंटा वाजली तर सगळे बाहेर धावतील असं मी धरून चालले. तू आत धावशील हे मला सुचायला हवं होतं. लहानपणापासून मी तुला ओळखते.

कारखान्याला मी लिहून दिलंय की वायूच्या मापकांना त्यांचे स्वतंत्र धागे द्या, माझ्या जाळ्यात ते नकोत. तुमचे साहेब आता ऐकतात. त्याचा तुला उपयोग नाही.

तिच्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण तिने दोन खेपा केल्या हे लक्षात ठेवून रागाव.

आणखी एक आहे, आणि ते तुझ्यापासून लपवून ठेवलंय. तुझा डावा डोळा गेला, घुम्या. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. उजव्याचं कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. उद्या पट्टी सोडणार आहेत. मलाही फार भीती वाटतेय.

पत्र संपलं. आम्ही दोघी इथेच आहोत. तुला जे बोलायचं असेल ते बोल.